सायटेशन सापडल्यावरचं काम: मुंबईच्या न्यायालयांसाठी डेटाबेसवर निकाल शोधताना

युक्तिवाद संपला की दोन्ही बाजूंच्या वकिलांची कॉम्पायलेशन्स टेबलावर येतात. भाडेकरूकडून दहा-बारा निकाल, घरमालकाकडून तेवढेच, पानापानांवर रंगीत फ्लॅग आणि प्रत्येक फ्लॅगवर एक परिच्छेद क्रमांक. न्यायाधीशांसाठी कायद्याचा शोध घेण्याचं काम इथून सुरू होतं. सायटेशन, म्हणजे निकालाचा छापील पत्ता (वर्ष, खंड, पान), हाती असलं की निकाल सापडणं आता सोपं झालंय, तो मोबाइलवरही सापडतो. कस लागतो तो पुढच्या तीन प्रश्नांना: हा निकाल आज लागू आहे का, या न्यायालयावर बंधनकारक आहे का, आणि वकील सांगतात ते वाक्य त्यात त्याच अर्थाने आहे का. किल्ला कोर्ट असो, धोबी तलावचं लघुवाद न्यायालय असो, दिंडोशीचं सत्र न्यायालय असो की उच्च न्यायालयातलं चेंबर, कामाचा क्रम सारखाच राहतो. तो क्रम आणि त्यात कुठे काय घसरतं, ते इथे सांगतो.

डेटाबेस उघडण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहून घ्यायच्या: कायदा आणि कलम, प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे, घटनेची तारीख, आणि प्रश्न कोणत्या न्यायालयापुढे आहे. टप्पा लिहायचा कारण जामिनाच्या अर्जावर दिलेल्या निकालातलं पुराव्याबद्दलचं वाक्य अंतिम सुनावणीत उपयोगाचं नसतं, आणि अंतरिम मनाई हुकमाच्या टप्प्यावरचं 'प्रथमदर्शनी' मत दावा निकाली काढताना आधार म्हणून घेता येत नाही. न्यायालय लिहायचं ते बंधनकारकतेसाठी, त्याबद्दल पुढे.

तारखेकडे 1 जुलै 2024 पासून जास्तच लक्ष द्यावं लागतं. त्या दिवशी तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले: दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, दंड प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम. गुन्हा त्याआधीचा असेल तर भारतीय दंड संहिताच लागते, आणि त्या दिवशी तपास, खटला किंवा अपील प्रलंबित असेल तर ते जुन्या दंड प्रक्रिया संहितेनुसारच पुढे चालतं. म्हणजे पुढची अनेक वर्षं दोन्ही संच शेजारीशेजारी चालणार. आकड्यांचा घोळ इथे होतो. जुन्या संहितेचं कलम 482 म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करून घेण्यासाठी वापरलं जाणारं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 482 म्हणजे अटकपूर्व जामीन. जुनं 438 नव्यात 482 झालं आणि जुनं 482 गेलं 528 वर. तसंच 173 चं: जुन्यात पोलिसांचा अंतिम अहवाल म्हणजे दोषारोपपत्र, नव्यात एफआयआरची नोंद. शोधाच्या चौकटीत नुसता '482' आणि 'बेल' टाकलं की दोन्ही प्रकारचे निकाल एकमेकांत मिसळून येतात, आणि यादी वरवर पाहणाऱ्याला ते कळतही नाही. म्हणून कलमाचा आकडा कधीही एकटा लिहू नये. सोबत कायद्याचं नाव हवं, आणि जुन्या-नव्या कलमांची जोडी कागदावर हवी: दंड संहितेच्या 420 ला न्याय संहितेचं 318(4), 302 ला 103(1), आणि प्रक्रिया संहितेच्या 125 ला नागरिक सुरक्षा संहितेचं 144. जोडी लिहिली तरी दोन्ही कलमांचा मजकूर समोरासमोर ठेवून वाचायचा. तक्त्यात 'समान' असं लिहिलेलं असतं, पण मधे एखादा शब्द वाढलेला किंवा गळलेला असतो, आणि वाद नेमका त्या शब्दाचा असतो.

दिवाणीतही हेच. भाड्याच्या थकबाकीचा दावा घ्या. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू झाला आणि 1947 चा मुंबई भाडे कायदा गेला. थकबाकीचं जुनं कलम 12, नवं कलम 15. जुन्यात नोटिशीनंतर एक महिना थांबायचं होतं, नव्यात 90 दिवस. नव्यात समन्स बजावल्यापासून 90 दिवसांत थकबाकी, तिच्यावर 15 टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरला तर भाडेकरूला संरक्षण मिळतं. 'रेडी अँड विलिंग टु पे' ही शब्दरचना दोन्ही कायद्यांत आहे, म्हणून तिच्यावरचे साठ-सत्तरच्या दशकातले निकाल आजही कामाला येतात. कलम 12(3) च्या मुदतींवरचे निकाल मात्र कलम 15 ला जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत. डेटाबेसला हा फरक कळत नाही, त्याला शब्द जुळले की पुरतं.

साधनं कुठली? पैसे भरून घ्यायची म्हणजे मुख्यतः एससीसी ऑनलाइन आणि मनुपात्र. नागपूरहून निघणारे ऑल इंडिया रिपोर्टर आणि महाराष्ट्र लॉ जर्नल ही जुनी नावं आता छापील अंकांबरोबर डिजिटल रूपातही वापरली जातात. फुकटची साधनं आता चांगली आहेत. सर्वोच्च न्यायालयाचा अधिकृत वृत्तसंच, म्हणजे सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स, 2 जानेवारी 2023 पासून ई-एससीआरवर सगळ्यांना खुला झाला. उच्च न्यायालयांचे निकाल ई-कोर्ट्सच्या जजमेंट पोर्टलवर मिळतात, मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रकरण क्रमांक, पक्षकार किंवा तारखेवरून काढता येतात. 2008 पासून इंडियन कानून आहे. कायद्याच्या मजकुरासाठी इंडिया कोड. विषय अगदीच अनोळखी असेल तर यातलं काहीही उघडण्याआधी एखादा टीकाग्रंथ हातात घ्यावा. त्यातल्या चार पानांत विषयाचे शब्द, जुने मुख्य निकाल आणि वादाच्या बाजू मिळतात, आणि मग शोधायला नेमके शब्द हाताशी असतात. ग्रंथालयाचा जिना चढायचा कंटाळा केला की तोच वेळ स्क्रीनवर दुपटीने जातो.

आता शोध कसा टाकायचा. पहिली पायरी: वाक्य टाकू नये, दोन-तीन नेमके शब्दसमूह टाकावेत आणि शब्दसमूह अवतरणचिन्हांत ठेवावा. अवतरणचिन्हं नसली की 'बोना फाइड रिक्वायरमेंट' (घरमालकाची खरी गरज) चे तीन शब्द पानभर विखुरलेले निकालही यादीत येतात. शिवाय 'बोनाफाइड' हा शब्द इंग्रजीत कुणी जोडून लिहितं, कुणी तोडून. दोन्ही टाकावे लागतात. इंडियन कानूनवर अँड, ऑर, नॉट हे जोडशब्द साध्या रूपात चालत नाहीत. ते इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहून शेवटचं अक्षर दोनदा लिहावं लागतं, अँडमध्ये डी दोन, ऑरमध्ये आर दोन. हे माहीत नसलं तर यंत्र 'अँड' हा साधा शब्द समजून दुर्लक्ष करतं आणि आपल्याला वाटतं की गाळणी लागली. प्रत्येक डेटाबेसची ही व्याकरणं वेगळी आहेत. ज्यावर रोज काम करायचं त्याचं मदत-पान एकदा पूर्ण वाचून त्याची छापील प्रत टेबलाच्या काचेखाली ठेवणं हे सगळ्यात स्वस्त प्रशिक्षण.

नावांचं स्पेलिंग हा मुंबईत मोठा विषय आहे. महापालिकेचंच पाहा. निकालांच्या शीर्षकांत ती 'बॉम्बे म्युनिसिपल कॉर्पोरेशन', 'म्युनिसिपल कॉर्पोरेशन ऑफ ग्रेटर बॉम्बे', 'ग्रेटर मुंबई', 'बृहन्मुंबई' अशा सगळ्या रूपांत आहे, आणि 'बृहन्मुंबई' चं इंग्रजी स्पेलिंगही एक नाही. अनधिकृत बांधकामासाठीच्या कलम 351 च्या नोटिशीवरचे निकाल काढताना महापालिकेच्या नावावर अवलंबून राहिलं तर अर्धे हातचे जातात. तिथे 1888 चा कायदा आणि कलम हीच खूण धरायची. कायद्यांची नावंही बदललीत. 2012 च्या सुधारणेने राज्याच्या अनेक कायद्यांच्या नावातलं 'बॉम्बे' जाऊन 'महाराष्ट्र' आलं: 1951 चा मुंबई पोलीस अधिनियम महाराष्ट्र पोलीस अधिनियम झाला, 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदाही तसाच. नव्या नावाने शोधलं तर पन्नास-साठ वर्षांचे निकाल दिसतच नाहीत. दोन्ही नावं 'किंवा' ने जोडूनच टाकायची.

जुने निकाल स्कॅन करून मजकुरात आणलेले असतात, आणि त्यात अक्षरं चुकतात. कलम लिहायच्या पद्धतीही अनेक: पूर्ण 'सेक्शन', 'सेक.', नुसता 'एस', 'यू/एस', कंसांत जागा सोडून किंवा न सोडता. म्हणून 1980 च्या आधीचं काही शोधायचं असेल तर कलमापेक्षा कलमातले शब्द टाकावेत. ते निकालात उद्धृत केलेले असतातच.

यादी आली की दोन-तीनशे निकाल वाचायचा विचारच करू नये. आधी न्यायालयाची गाळणी लावायची, मग वर्षाची. प्रासंगिकतेनुसार लावलेला क्रम काढून तारखेनुसार लावायचा आणि सगळ्यात ताजा, तपशीलवार निकाल आधी वाचायचा. याला कारण आहे: ताज्या निकालात त्या न्यायमूर्तींनी आधीचे निकाल एकत्र मांडलेले असतात, कुठला मान्य, कुठला वेगळा ठरवला, हे सगळं. तिथून मागे चालत गेलं की रस्ता आखलेला मिळतो. जुन्यापासून पुढे आलं की प्रत्येक वळणावर आपणच अंदाज बांधत बसतो. सर्वाधिक उद्धृत झालेला निकाल आधी वाचायचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो मला पटत नाही, कारण जो निकाल पुढे चुकीचा ठरवला गेला तोही हजारो वेळा उद्धृत झालेला असतो.

मुख्य काम इथून पुढे. निकाल आज उभा आहे का, हे पाहण्यासाठी डेटाबेसमध्ये सायटेटर असतो, म्हणजे या निकालाचा पुढे कुठल्या निकालांनी कसा उल्लेख केला त्याची यादी. मान्य केला, वेगळा ठरवला, रद्दबातल ठरवला, अशी लेबलं आणि रंगीत खुणा असतात. ही लेबलं संपादकांनी लावलेली असतात, आणि त्यांना एका शब्दात बसवावं लागतं. न्यायालयाचं म्हणणं एका शब्दात बसत नाही.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचा प्रश्न त्यासाठी बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण सीसीटीव्ही, कॉल रेकॉर्ड आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रिंटशिवाय आता खटलाच नसतो. साक्ष कायद्याच्या कलम 65-ब(4) चं प्रमाणपत्र, म्हणजे ही प्रत कुठल्या यंत्रातून कशी निघाली ते लिहून देणारा कागद, सक्तीचं आहे का? संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात, नवज्योत संधू प्रकरणी, (2005) 11 एससीसी 600 (म्हणजे सुप्रीम कोर्ट केसेस या वृत्तसंचाचा 2005 चा अकरावा खंड, पान 600), दोन न्यायमूर्तींनी सांगितलं की प्रमाणपत्र नसलं तरी दुय्यम पुरावा, म्हणजे मुळाऐवजी प्रत, इतर कलमांखाली देता येतो. 2014 मध्ये अन्वर पी.व्ही. प्रकरणात, (2014) 10 एससीसी 473, तीन न्यायमूर्तींनी ते मत खोडून काढलं आणि प्रमाणपत्र सक्तीचं केलं. 2018 मध्ये शफी मोहम्मद प्रकरणात, (2018) 2 एससीसी 801, दोन न्यायमूर्तींनी त्यातून वाट काढली: ज्याच्या ताब्यात ते यंत्रच नाही त्याच्याकडून प्रमाणपत्राचा आग्रह नको. शेवटी जालना विधानसभेच्या निवडणुकीच्या वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात, (2020) 7 एससीसी 1, तीन न्यायमूर्तींनी अन्वर बरोबर आणि शफी मोहम्मद चूक असं ठरवलं.

या साखळीत डेटाबेस कुठेकुठे चकवतो ते पाहा. पहिलं, इंग्रजी स्पेलिंग. निकालात 'अन्वर' व्ही अक्षराने आहे. सवयीने डब्ल्यू टाकला की शीर्षकाच्या शोधात तो येत नाही. 'शफी' मध्ये एफनंतर एक जास्तीचा एच आहे. दुसरं, नवज्योत संधूच्या निकालापुढे लाल खूण दिसते. पण तो फक्त या एका मुद्द्यापुरता खोडलेला आहे. कटाचा गुन्हा किंवा इतर मुद्द्यांसाठी कुणी तो दाखल केला असेल तर 'हा रद्द झालाय' म्हणून बाजूला टाकणं चूक. तिसरं आणि सगळ्यात बारीक: अन्वरच्या निकालापुढे 'मान्य' अशी हिरवी खूण असते, आणि तरीही खोतकर निकालाने अन्वरच्या परिच्छेद 24 मधलं शेवटचं वाक्य दुरुस्त केलंय. इलेक्ट्रॉनिक दस्त 'साक्ष कायद्याच्या कलम 62 खाली' प्राथमिक पुरावा म्हणून वापरण्याबद्दलचं ते वाक्य आहे. खोतकर निकाल सांगतो की ते वाक्य हे शब्द वगळून वाचायचं. मूळ यंत्रच, म्हणजे तो लॅपटॉप किंवा मोबाइल, मालकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून हजर केला तर प्रमाणपत्र लागत नाही. नुसती प्रत दिली तर लागतं. अन्वरमधला परिच्छेद 24 जुन्या रूपात उद्धृत करणारी कॉम्पायलेशन्स आजही येतात. हिरव्या खुणेवर थांबणाऱ्याला ते कळणार नाही, खोतकर निकाल वाचणाऱ्यालाच कळेल. आणि आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 63 आलंय. त्यात प्रमाणपत्राचा नमुना अनुसूचीत दिलाय, त्याचा भाग अ पक्षकाराने आणि भाग ब तज्ज्ञाने भरायचा, हॅश व्हॅल्यूसह, म्हणजे फाइलच्या डिजिटल ओळखखुणेसह. 65-ब वरचे सगळे निकाल 63 ला लावताना हा नवा भाग डोळ्यांसमोर हवा.

सायटेटरला मुळीच न दिसणारी एक गोष्ट म्हणजे विधिमंडळाने किंवा संसदेने फिरवलेला निकाल. चेक न वटल्याच्या प्रकरणांत दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य, (2014) 9 एससीसी 129, या निकालाने तक्रार चेक देणाऱ्याची बँक जिथे आहे तिथेच दाखल करावी असं ठरवलं होतं. हजारो तक्रारी परत गेल्या. 2015 मध्ये निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यात कलम 142(2) आलं, आणि खात्यात भरलेल्या चेकसाठी अधिकारक्षेत्र चेक घेणाऱ्याच्या बँक शाखेवर गेलं. राठोड निकाल कोणत्याही न्यायालयाने खोडलेला नाही, त्यामुळे लाल खूण लागेलच असं नाही, पण त्याचा गाभा आता लागू नाही. मुंबईच्या दिवाणी दाव्यांत अशीच गत कलम 9-अ ची. दिवाणी प्रक्रिया संहितेत हे महाराष्ट्राने घातलेलं कलम, अधिकारक्षेत्राचा आक्षेप प्राथमिक मुद्दा म्हणून आधी ठरवायला लावणारं. दावा मुदतीत आहे का हा मुद्दा त्यात बसतो का, यावर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन समान दर्जाच्या खंडपीठांनी परस्परविरोधी मतं दिली; 2018 मध्ये राज्याने कलमच काढून टाकलं; आणि 2019 मध्ये तीन न्यायमूर्तींनी नस्ली वाडिया प्रकरणात वाद मिटवला. 9-अ वरचा निकाल समोर आला की सायटेटरच्या आधी राज्याची दुरुस्ती पाहायची. म्हणून आमचा नियम: सायटेटर पाहून झाला की कलमाचा आजचा मजकूर इंडिया कोडवर आणि राज्याची दुरुस्ती राजपत्रात, दोन्ही उघडून पाहायचं. केंद्रीय कायद्यांतल्या महाराष्ट्राच्या दुरुस्त्या बऱ्याच ठिकाणी तळटीपेत असतात आणि नजरेतून सुटतात.

बंधनकारकतेबद्दल थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला कायदा सगळ्यांवर बंधनकारक, अनुच्छेद 141. मुंबईतल्या दिवाणी, सत्र, लघुवाद किंवा दंडाधिकारी न्यायालयावर मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बंधनकारक, मग तो नागपूर, औरंगाबाद, गोवा किंवा 2025 मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूर पीठाचा असो. दिल्ली किंवा मद्रासचा निकाल मार्गदर्शक. पूर्णपीठ, द्विसदस्यीय खंडपीठ, एकल न्यायमूर्ती हा क्रम यादीतूनच लिहून घ्यावा, म्हणजे एकल न्यायमूर्तींचा नवा निकाल खंडपीठाच्या जुन्या निकालावर चढवला जात नाही. उच्च न्यायालयाच्या निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय का, हे डेटाबेसवर भरवशाने दिसत नाही. ते सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर, उच्च न्यायालयातल्या प्रकरण क्रमांकावरून तपासावं. स्थगिती दिसली तरी घाई नको. श्री चामुंडी मोपेड्स प्रकरणात, (1992) 3 एससीसी 1, सांगितल्याप्रमाणे स्थगितीने आदेशाची अंमलबजावणी थांबते, आदेश पुसला जात नाही. आणि विशेष अनुमती याचिका (एसएलपी) कारण न देता फेटाळली म्हणजे उच्च न्यायालयाचं मत सर्वोच्च न्यायालयाने उचललं असा अर्थ नाही. कुन्हयम्मद, (2000) 6 एससीसी 359. 'एसएलपी डिसमिस्ड' एवढंच लिहिलेला शिक्का घेऊन येणारे निकाल याच फूटपट्टीने मोजायचे.

परिच्छेद क्रमांकांवरून होणारी गफलत नेहमीची. वकिलांच्या लेखी युक्तिवादात 'परिच्छेद 17 पाहावा' असतं, आणि स्क्रीनवरच्या परिच्छेद 17 मध्ये दुसराच विषय. एकच निकाल वेगवेगळ्या वृत्तसंचांत छापताना काही ठिकाणी परिच्छेद पुन्हा क्रमांकित होतात, म्हणून आकडे जुळत नाहीत. 2023 पासून यावर तटस्थ सायटेशनचा, म्हणजे न्यायालयानेच दिलेल्या आणि कुठल्याही वृत्तसंचावर अवलंबून नसलेल्या क्रमांकाचा, चांगला उपाय आहे. सर्वोच्च न्यायालयाचं वर्ष, मग आयएनएससी, मग क्रमांक. मुंबई उच्च न्यायालयाचं वर्ष, मग बीएचसी, मग शाखेचं चिन्ह: ओएस म्हणजे मूळ शाखा, एएस म्हणजे अपील शाखा, नागपूर, औरंगाबाद आणि गोव्याची वेगळी चिन्हं, शेवटी क्रमांक आणि खंडपीठाचा निकाल असेल तर डीबी. हे सायटेशन सहीच्या पीडीएफवरच छापलेलं असतं. टिपणात तेच आधी लिहावं, कंसात वृत्तसंचाचं, आणि परिच्छेद क्रमांक पीडीएफमधला. हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, कधीही उद्धृत करू नये. हेडनोट संपादकाची असते. तिच्यात 'ठरवलं' असं लिहिलेलं वाक्य निकालात पाहिलं तर बरेचदा ते वकिलाच्या युक्तिवादाचा गोषवारा निघतं.

आता एआयबद्दल. विचारलं की लगेच सुबक उत्तर येतं, सोबत पाच सायटेशन्स, आणि त्यातली काही अस्तित्वातच नसतात. न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने जून 2023 मध्ये अशा बनावट निकालांसाठी वकिलांना 5,000 डॉलर दंड केला. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीच्या प्राप्तिकराचा आकारणी आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. ओळखायचं कसं? सायटेशन आकड्याने शोधायचं, नावाने नाही. बनावट सायटेशनमध्ये नाव खऱ्यासारखं असतं, खंड आणि पान मात्र दुसऱ्याच निकालाचं निघतं. वर्ष आणि खंड जुळतात का पाहायचं, निकालाची तारीख सुट्टीच्या दिवसाची नाही ना पाहायचं, त्या तारखेला ते न्यायमूर्ती त्या न्यायालयात होते का पाहायचं. खरं सायटेशन आणि खोटा उतारा अशीही जोडी येते. त्यासाठी उताऱ्यातला सात-आठ शब्दांचा तुकडा अवतरणचिन्हांत टाकून मूळ पीडीएफमध्ये शोधायचा. सहीची प्रत सापडली नाही तर ते सायटेशन टिपणात जात नाही, मग ते कितीही सोयीचं असो. केरळ उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी एआय वापराचं धोरण काढलं आणि निर्णय घेण्यासाठी त्याच्या वापराला मनाई केली. माझ्या मते सारांश काढायलाही ते न्यायाधीशांच्या टेबलावर जाऊ नये, कारण सारांशात पहिलं गळतं ते 'मात्र' ने सुरू होणारं वाक्य, आणि निकालाची खरी मर्यादा त्याच वाक्यात असते.

मराठीतून शोधणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचे मराठी अनुवाद आता मिळतात, पण ते पक्षकाराला समजावं म्हणून. इंग्रजी निकालच अधिकृत, असं प्रत्येक अनुवादाखाली लिहिलेलं असतं. अनुवादावरून विषय समजून घ्यावा, उद्धरण इंग्रजीतूनच. दुसरं, जिल्हा न्यायालयांतले जुने मराठी निकाल आणि आदेश श्रीलिपी किंवा सुरेखसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप झालेत. ते युनिकोड नसल्यामुळे डोळ्यांना 'प्रतिवादी' दिसतं आणि यंत्राला इंग्रजी चिन्हांची माळ. अशा फाइलवर शोध टाकून 'काही नाही' आलं तर त्याचा अर्थ मजकूर नाही असा घेऊ नये. आधी रूपांतर करायचं, मग शोधायचं.

न्यायाधीशांसाठीचं टिपण एका पानाचं पुरतं. वर प्रश्न एका वाक्यात. खाली प्रत्येक निकालाची एकच ओळ: सायटेशन, पीठाची संख्या, तारीख, मुद्दा, पीडीएफमधला परिच्छेद, आजची स्थिती. मग दोन्ही बाजूंनी दिलेल्यांपैकी कुठला लागत नाही आणि का, तेही एका ओळीत. कारण निकालपत्रात वकिलांच्या सायटेशनला उत्तर द्यावंच लागतं. विरुद्ध जाणारा निकाल सापडला तर तो सर्वांत वर. तो लपवलेलं टिपण अपिलात उघडं पडतं, आणि तेव्हा त्याची किंमत पक्षकार मोजतो. जोडीला पीडीएफ प्रती, नावात सायटेशन आणि तारीख घालून, प्रकरण क्रमांकाच्या फोल्डरमध्ये. दुवे जपून ठेवू नयेत, संकेतस्थळं बदलली की ते उघडत नाहीत. सवलतीचं लॉगिन न्यायालयाच्या इमारतीतल्या जोडणीपुरतं असेल तर घरून काम करताना ते चालत नाही, म्हणून प्रती त्याच दिवशी उतरवायच्या.

टिपणाच्या तळाशी 'शेवटची तपासणी' म्हणून तारीख टाकायची. निकाल राखून ठेवलेला असेल तर जाहीर करण्याच्या आदल्या दिवशी तोच शोध पुन्हा टाकायचा, तारखेची गाळणी सुनावणी संपल्यापासून आजपर्यंत. त्या मधल्या आठवड्यांत एखादा नवा निकाल आलेला असतो. तो मुद्द्याला थेट भिडत असेल तर नुसता टिपणात घालून चालत नाही. प्रकरण पुन्हा बोर्डावर घेऊन, निकालाची प्रत दोन्ही बाजूंना देऊन, त्यावर त्यांचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि तशी नोंद रोजनाम्यात घ्यावी लागते.